अंगणात एकच झाड लावायचंय, बकुळ की सोनचाफा?

माझ्या मावसबहिणीने चिपळूणजवळ नवीन घर बांधलंय, अंगणात एकाच मोठ्या झाडाची जागा आहे, आणि तिला वासही हवा नि झाडही पिढ्यानपिढ्या टिकणारं हवं. बकुळ लावू की सोनचाफा, एवढंच विचारायला फोन केला होता आणि तासभर बोलत बसलो. हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडतो म्हणून लिहून ठेवतेय. मी केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे बोलणं तिकडे वळणारच.

आधी वासाचं बघू. दोन्ही फुलांत फेनिलइथाइल अल्कोहोल असतं, गुलाबात असतं तेच. पण बकुळीत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, जोडीला सिनॅमिल अल्कोहोल आणि मिथाइल बेंझोएट. फेनिलइथाइल अल्कोहोल उकळतं 220 अंश सेल्सिअसच्या आसपास, सिनॅमिल अल्कोहोल तर 250 च्या, म्हणजे ही द्रव्यं साध्या हवेत हळूहळू उडतात. त्यात बकुळीचं फूल नखाएवढं, पाकळ्या बारीक, गर असा नाहीच, पहाटे गळतं आणि कुजायच्या आत सुकून जातं. म्हणून तर साडीच्या घडीत ठेवलेला वळेसर, म्हणजे बकुळीचा गजरा, तपकिरी कुरकुरीत झाला तरी कपाट उघडलं की वास येतोच.

सोनचाफ्याचं गणित वेगळं आहे. त्यात फेनिलइथाइल अल्कोहोलबरोबर इंडोल आहे, मिथाइल अँथ्रानिलेट आहे आणि आयोनोन आहेत. आयोनोन मला फार आवडतात, कारण ते कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणारी द्रव्यं, तुटून तयार होतात, आणि चाफ्याचा सोनेरी रंगही कॅरोटिनॉइडचाच, म्हणजे रंग आणि वास एकाच घरचे. आयोनोनला नाक पटकन सरावतं, वास गेला असं वाटतं आणि जरा वेळाने परत येतो. इंडोल मात्र थोडं असलं तर फुलाला भरदारपणा देतं आणि जास्त झालं की डांबरगोळ्यांसारखं घाण वाटतं, म्हणून बंद खोलीत ओंजळभर चाफे ठेवले की कुणाकुणाचं डोकं चढतं. आणि पाकळी मांसल, जरा चुरगळली की आतली फिनॉलं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून काळी पडतात, चिरलेलं वांगं काळं पडतं तसंच. सकाळी देवाला वाहिलेला चाफा संध्याकाळी डागाळतो आणि मग त्या वासात मजा राहत नाही.

आता लाकूड, इथे तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बकुळीचं लाकूड घनमीटरला साधारण 900 ते 1000 किलो भरतं, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकं जड. आमच्या आजोळी बकुळीचं मुसळ आहे, त्याची एक ढलपी निघाली होती ती मी बादलीत टाकून बघितली, तरंगली खरी पण वरचा काठ तेवढा पाण्याबाहेर होता. तांदूळ कांडायची मुसळं, तेलाचे घाणे यांना हे लाकूड वापरायचे ते उगीच नाही. चाफ्याचं लाकूड त्याच्या निम्म्याला थोडं वर, 500 ते 600 च्या घरात, पण सुतार खूष होतील असं, कापायला-रंधायला सोपं, आसामात त्याला तिता सोपा म्हणतात आणि घरबांधणीला, फर्निचरला वापरतात.

एक लक्षात घ्या, जड म्हणजेच टिकाऊ असं नसतं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात स्टार्च आणि साखर असते, भुंग्याला तेच हवं असतं, त्यामुळे कुठल्याही झाडाचा तो भाग लवकर पोखरला जातो. गाभा तयार होताना पेशी मरतात आणि मरताना साठवलेलं अन्न टॅनिनसारख्या फिनॉलिक द्रव्यांत बदलून ठेवतात, ती बुरशीला आणि वाळवीला पचत नाहीत. लाकूड घ्यायची वेळ आलीच तर गाभ्याचं घ्या, बाकी कोण काय सांगेल ते सोडा.

आणि मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे वासाचा आणि लाकडाचा कच्चा माल एकच आहे. फेनिलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल, त्याच्यापासून फुलात फेनिलइथाइल अल्कोहोल आणि सिनॅमिल अल्कोहोल होतं, आणि त्याच वाटेवर खोडात कोनिफेरिल अल्कोहोल होतं, जे सिनॅमिलचं सख्खं भावंड, रेणूतल्या कार्बनच्या कड्याला अणूंचे दोन गट जास्तीचे एवढाच फरक. त्याचे रेणू एकमेकांना जोडले गेले की लिग्निन, लाकडाला ताठपणा देणारं. हे चाफ्यातही होतं, सगळ्याच झाडांत होतं, पण बकुळीच्या वासातच सिनॅमिल अल्कोहोलचा एवढा मोठा हिस्सा आहे की फूल हुंगताना मला खोड आठवतं.

लावण्याचं म्हणाल तर चाफ्याच्या मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, काळ्या चिकणमातीत निचरा नसेल तर झाड पिवळं पडून जातं, आणि फांद्या ठिसूळ, 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या शेजारचा चाफा मधूनच मोडला. बकुळ खारा वारा, धूळ, उन्हाळा सगळं काढते, पण वाढते अगदी सावकाश, आमची 2009 ला लावलेली आणि पहिली फुलं 2017 ला. कलमी चाफा मात्र एक-दोन वर्षांत फुलतो, तेव्हा ज्यांना घाई आहे किंवा गच्चीतच जागा आहे त्यांनी सरळ कलम आणून मोठ्या कुंडीत लावावं. चाफ्याचं बी आणायच्या भानगडीत पडू नका, वाळलं की रुजत नाही.

बहिणीला मी बकुळच सांगितली, घरापासून वीस फूट सोडून, आणि पायरीशी कुंडीत कलमी चाफा. बकुळीला फुलं येईपर्यंत देवाला चाफा मिळेल. परवा खड्डा खणून झालाय, पहिला पाऊस पडला की रोप लावणार आहे.