वर्षाची पॉलिसी रिन्यू करायची की दर प्रवासाला नवी घ्यायची? मध्येच तब्येत बदलली असेल तर

घरच्या मेडिक्लेमची सवय झालेल्या माणसाची परदेश प्रवासाच्या विम्यात एका ठिकाणी हमखास फसगत होते. मेडिक्लेम वेळेवर रिन्यू केला, की मधल्या वर्षात निघालेला मधुमेह किंवा ब्लडप्रेशर पुढच्या वर्षीही कव्हरमध्ये राहतं. वार्षिक प्रवास पॉलिसीत बहुधा तसं नसतं. तिथे ‘रिन्युअल’ म्हणत असले तरी दर वर्षीचा करार नवा असतो, आणि गेल्या वर्षी निघालेलं दुखणं या वर्षी ‘आधीपासूनचा आजार’ होऊन बसतं. सलग पाच वर्षं हप्ता भरला म्हणून पदरात काही जमा होत नाही. म्हणून आमच्या मते ही निवड हप्त्याच्या आकड्यावरून करायची नसते, तारखांवरून करायची असते.

एक उदाहरण घेऊ. दापोलीकडचं जोडपं, नवरा ६२ वर्षांचा, बायको ५८ ची, मुलगा मस्कतला. दोघांची वार्षिक पॉलिसी १५ जानेवारी ते १४ जानेवारी. फेब्रुवारीत दहा दिवस जाऊन आले, काही झालं नाही. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर केलेल्या रक्ततपासणीत नवऱ्याची साखर वाढलेली निघाली आणि गोळी सुरू झाली. आता तिकिटं काढायची आहेत २० डिसेंबर ते २५ जानेवारीची. या एका प्रवासात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण दिवसांची. २० डिसेंबर ते २५ जानेवारी हे दोन्ही दिवस धरून ३७ दिवस होतात. वार्षिक पॉलिसीत वर्षभरात कितीही प्रवास करता येतात, पण प्रत्येक प्रवासाला मर्यादा असते: पॉलिसीप्रमाणे ३०, ४५ किंवा ६० दिवस. ३० वाली असेल तर शेवटचे सात दिवस उघडे पडतात.

दुसरी अडचण १४ जानेवारीची. प्रवास सुरू असताना पॉलिसीची मुदत संपली तर काय? काही पॉलिसींत मुदतीत सुरू झालेला प्रवास त्याच्या दिवसांच्या मर्यादेपर्यंत चालतो. काहींत मुदत संपली त्या रात्री कव्हर संपतं. मग १५ जानेवारीपासून रिन्यू केलेली, म्हणजे नवी पॉलिसी लागू होते आणि तिच्या हिशेबात साखर आधीचीच असते. शिवाय बऱ्याच कंपन्यांना पॉलिसी सुरू होताना माणूस भारतात असावा लागतो. मस्कतमध्ये बसून रिन्युअल भरलं आणि नंतर त्यावरच बोट ठेवलं गेलं, असं होऊ शकतं.

तिसरी अडचण सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच कोणी वाचत नाही: आजार ‘आधीपासूनचा’ आहे की नाही हे कोणत्या तारखेपासून मोजायचं? आरोग्य विम्यात विमा नियामकाची व्याख्या २०२४ पासून अशी आहे: पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार सुचवले, तो आधीपासूनचा आजार. त्याआधी ही मुदत ४८ महिने होती. प्रवास पॉलिसीच्या मसुद्यात मात्र दोन प्रकार दिसतात. एकात मोजणी पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून होते. मग ऑगस्टमध्ये निघालेली साखर डिसेंबरच्या प्रवासात नवा आजार ठरते. दुसऱ्यात मोजणी प्रत्येक प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून होते. तिथे वार्षिक पॉलिसी असूनही दर खेपेला तुमची तब्येत नव्याने मोजली जाते आणि साखर २० डिसेंबरलाच कव्हरबाहेर पडते. माहितीपत्रकात हे नसतं. पॉलिसी वर्डिंगच्या, म्हणजे अटींच्या पूर्ण मसुद्याच्या, ‘व्याख्या’ आणि ‘काय वगळलं आहे’ या दोन भागांत ते असतं. पीडीएफ उघडून तेवढी पानं तरी वाचाच.

या जोडप्याने काय करावं? ‘आता शुगर निघाली, तर एका प्रवासाची वेगळी पॉलिसी घेऊन टाकू’ हा मनात येणारा पहिला विचार असतो, आणि मोजणी पॉलिसीच्या सुरुवातीपासून होत असेल तर तो चुकीचा आहे. डिसेंबरमध्ये घेतलेल्या नव्या पॉलिसीत साखर आधीची ठरेल. चालू वार्षिक पॉलिसीत ती ठरत नाही. तेव्हा जुनी पॉलिसी सोडू नये, तिकिटं अलीकडे ओढावीत. २० डिसेंबरला निघून १२ जानेवारीला परत आलं तर २४ दिवस होतात. ३० दिवसांच्या मर्यादेत बसतं आणि मुदतीच्या आतही. नव्या दुखण्याची माहिती मात्र लगेच ई-मेलने कंपनीला कळवावी, कारण काही पॉलिसींत मुदतीतला बदलही कळवायची अट असते. ‘डिसेंबरच्या प्रवासात हे कव्हर होईल का’ असा थेट प्रश्न विचारून उत्तर लेखी मागावं. फोनवर मिळालेलं ‘हो हो, होईल’ क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

मोजणी प्रवासाच्या सुरुवातीपासून होत असेल तर वार्षिक पॉलिसीचा हा फायदा उरत नाही. तेव्हा अख्ख्या मुक्कामाएवढी, साखर स्पष्ट लिहून घेतलेली एका प्रवासाची पॉलिसी बरी.

आता वार्षिक आणि एका प्रवासाची, या दोनपैकी कोणती पॉलिसी कोणाला सोयीची ते पाहू. मालवण-तारकर्लीकडे होम-स्टे चालवणारे किंवा रत्नागिरीतले छोटे निर्यातदार, जे वर्षातून तीन-चार वेळा आठ-दहा दिवसांसाठी दुबई-बँकॉक करतात, ज्यांची तब्येत ठणठणीत आहे आणि वय साठीच्या आत आहे, त्यांना वार्षिक पॉलिसी सोयीची. दर वेळी फॉर्म भरायची कटकट नाही, आणि साधारण तिसऱ्या प्रवासापासून पैशातही परवडते. हापूसच्या बागायतदाराचं गणित निराळं. मोहोर येण्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत त्याला बाग सोडता येत नाही; तो जूननंतर जातो, वर्षातून एकदाच, आणि गेला की महिना-दोन महिने राहतो. त्याने वार्षिक पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आईचंही तसंच: चार-सहा महिन्यांचा मुक्काम वार्षिक पॉलिसीच्या मर्यादेत बसतच नाही, एका प्रवासाची पॉलिसी मात्र साधारण १८० दिवसांपर्यंत मिळते.

वय ७० च्या पुढे गेलं की वार्षिक पॉलिसी द्यायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. साठीनंतर आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे सब-लिमिट. विम्याची रक्कम १ लाख डॉलर दिसते, पण खोलीचं दिवसाचं भाडं, आयसीयू, सर्जनची फी यांना प्रत्येकी वेगळी कमाल मर्यादा असते. अमेरिकेत ती चटकन ओलांडली जाते. दोन पॉलिसी शेजारी ठेवताना आधी ही पानं ताडून बघा, मग हप्ता.

मुक्काम वाढला तर एका प्रवासाची पॉलिसी वाढवता येते, पण अर्ज मुदत संपण्याआधी करावा लागतो आणि तब्येत चांगली असल्याचं लिहून द्यावं लागतं. पहिल्या मुदतीत जे दुखणं झालं ते वाढीव मुदतीत सहसा धरत नाहीत. म्हणून तिकीट १५० दिवसांचं असेल तर पॉलिसी पहिल्यापासूनच १६०-१६५ दिवसांची घ्यावी; दहा दिवसांचा जादा हप्ता त्या मानाने किरकोळ असतो.

युरोपचा शेंगेन व्हिसा हवा असेल तर किमान ३०,००० युरोचं कव्हर आणि मुक्कामाचे सगळे दिवस दाखवणारं प्रमाणपत्र लागतं. ते दोन्ही प्रकारांत मिळतं. बोटीवर नोकरीला जाणाऱ्या मुलांनी मात्र यातलं काहीच गृहीत धरू नये. ही पॉलिसी पर्यटक आणि पाहुण्यांसाठी असते, बोटीवरच्या माणसाच्या आजारपणाची जबाबदारी बोट कंपनीच्या करारात पाहावी.

फॉर्ममध्ये काय लिहायचं

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, आणि त्या बहुतेक वेळा लबाडीने होत नाहीत. रिन्युअलच्या वेळी एजंट ‘मागच्यासारखंच ना?’ विचारतो, घरचे ‘हो’ म्हणून ओटीपी सांगतात, आणि ‘कोणताही आजार नाही’ हे गेल्या वर्षीचं उत्तर तसंच पुढे जातं. क्लेम आला की कंपनी इथल्या डॉक्टरांचे कागद मागवते, आणि केसपेपरवर तारीख असते.

नवं निदान हा बदल आहे हे सगळ्यांना कळतं. पण गोळीचा डोस वाढणं हाही बदल आहे. एक दिवस सलाईनसाठी दाखल होणं हाही. आणि सांगितलेली पण न केलेली तपासणी तर नक्कीच: चिपळूणच्या डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट सांगितली आणि तुम्ही ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणून ठेवून दिली, तर सल्ला दिलेला आहे, तो व्याख्येत बसतो. अशी तपासणी बाकी असताना पॉलिसी घेऊ नका. आधी तपासणी करा, रिपोर्ट हातात घ्या, मग फॉर्म भरा. लावणीच्या दिवसांत लेप्टो होऊन पूर्ण बरे झाला असाल तरी ते लिहा. बऱ्या झालेल्या तापाने सहसा हप्ता वाढत नाही, लपवलेल्या आजारपणाने मात्र अख्ख्या पॉलिसीवरच प्रश्न उभा राहू शकतो.

लिहिल्यावर तीनपैकी एक होतं: पॉलिसी तशीच मिळते पण तो आजार वगळून, जादा हप्ता घेऊन मिळते, किंवा नाकारतात. वगळला तरी बऱ्याच पॉलिसींत जिवावरचा प्रसंग ठरावीक रकमेपर्यंत धरतात. साखर एकदम उतरून शुद्ध हरपली तर दाखल करून माणूस स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळेल. रोजच्या गोळ्या, तपासण्या किंवा ‘भारतात परतल्यावर करता येईल’ अशी शस्त्रक्रिया मिळणार नाही. ही रक्कम किती हे विचारून घ्या. दोन कंपन्यांत सगळ्यांत मोठा फरक इथेच निघतो.

कोकणात कागद गोळा करायलाच वेळ लागतो. तपासणी कणकवलीत, अँजिओग्राफी कोल्हापुरात, दाखल गोव्यात बांबोळीला, अशी एकाच माणसाची फाइल तीन ठिकाणी असते. निघण्याच्या महिनाभर आधी डिस्चार्ज कार्डं आणि शेवटचे रिपोर्ट एकत्र करा, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडून एका पानावर आजार, कधीपासून, कोणत्या गोळ्या हे औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या. त्याचे फोटो परदेशातल्या मुलाच्या फोनवरही असू द्या.

‘विमानप्रवासाला हरकत नाही’ हा दाखला विमान कंपनीसाठी असतो. त्याने आजार कव्हर होत नाही. उलट डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं असताना गेलात, तर त्या दुखण्याचा क्लेम जवळजवळ निश्चित नाकारला जातो.

पॉलिसी घेतल्यावर आणि निघण्यापूर्वी तब्येत बिघडली तर? तिकीट रद्द होण्याचं कव्हर असेल तर ते पॉलिसी घेतल्यानंतर अचानक उद्भवलेल्या दुखण्यालाच लागू असतं. म्हणून एका प्रवासाची पॉलिसी निघायच्या आदल्या रात्री न काढता तिकीट काढलं त्याच आठवड्यात काढावी. जायचंच ठरलं तर नवं दुखणं कंपनीला कळवून पोच घ्यावी. आणि तिथे दाखल व्हायची वेळ आली, तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर दाखल होण्याआधी, किंवा फार तर २४ तासांत, फोन लागला पाहिजे. तो क्रमांक आईवडिलांच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा. परदेशात उतरल्यावर त्यांचा मोबाइल चालू असेलच असं नाही.