दोनशे यार्डांसाठी ठासणीत काय भरायचं: २५० ग्रेन, ३०० ग्रेन की तिसरी वडी?

इथे अमेरिकेत ओहायोत जानेवारीच्या सुरुवातीला मझललोडरने हरणाच्या शिकारीचे चार दिवस मिळतात, आणि ओळखीतल्या दोघातिघांनी यंदा पहिल्यांदाच .५० कॅलिबरची इनलाइन (प्राइमर नळीच्या थेट मागे बसतो ती नव्या धाटणीची मझललोडर) घेतलीय. प्रश्न सगळ्यांचा एकच, दोनशे यार्डांवरचं हरीण मारायचं तर आत काय भरू. मझललोडर म्हणजे आपली ठासणीचीच बंदूक, कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर असते तीच जात, फक्त इथे तिला दुर्बीण लावलेली असते आणि केपाऐवजी शॉटगनचा २०९ प्राइमर लागतो. तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे गावाकडच्या काकांना विचारून याचं उत्तर मिळणार नाही, त्यांना वीस-पंचवीस पावलांवरचं रानडुक्कर ठाऊक, दोनशे यार्ड म्हणजे जवळजवळ १८३ मीटर, वाडीच्या पलीकडचा डोंगर.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ग्रेन दोन ठिकाणी येतो आणि नवीन माणूस तिथेच फसतो. गोळीचा ग्रेन म्हणजे खरंखुरं वजन, सोनाराच्या अर्ध्या गुंजेएवढा. दारूचा ग्रेन मात्र मापाचा, म्हणजे मापट्यात किती भरली तो, काट्यावरचा नाही. ब्लॅकहॉर्न २०९ ही दारू हलकी आहे, मापाने १०० ग्रेन घेतली तर काट्यावर साधारण ७० भरते. आता कोणी हुशारी करून काट्यावर १०० तोलली तर मापाने १४० च्या वर गेली, आणि ब्लॅकहॉर्नची मर्यादा मापाने १२० ची आहे. आणि काडतुसाची स्मोकलेस दारू साध्या मझललोडरमध्ये चमचाभरसुद्धा नाही, नळी फुटते, बोटं जातात.

आता तुलना. तीन लोड (म्हणजे गोळी आणि खालची दारू, अशी जोडी) घेतो कारण दुकानात जो माणूस जातो तो या तीनपैकीच एक घेऊन येतो. पहिला, २५० ग्रेनची टोकदार गोळी, हॉर्नडीची एसएसटी वगैरे, प्लॅस्टिकच्या सॅबोमध्ये (गोळीभोवतीची टोपी), खाली ट्रिपल सेव्हन दारूच्या ५० ग्रेनच्या दोन दाबलेल्या वड्या (पेलेटला आम्ही घरी वडीच म्हणतो, बायकोला पहिल्यांदा वाटलं खायचं काहीतरी आणलंय), वेग धरा सेकंदाला १८०० फूट. दुसरा, तीच २५० ची गोळी पण खाली ब्लॅकहॉर्न मापाने १०० किंवा जरा जास्त, वेग १९५० च्या आसपास. तिसरा, ३०० ग्रेनची गोळी, ब्लॅकहॉर्न तेवढीच, वेग १८००. दुर्बीण नळीच्या दीड इंच वर, बंदूक १५० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागते. गोळीच्या बीसीवरून (हवा किती सहज कापते तो आकडा) काढलेला हिशोब असा येतो, तुमच्या नळीत थोडं इकडेतिकडे होईल:

२५० ग्रेन + दोन वड्या: १०० यार्डांवर ३.२ इंच वर, २०० वर ८ इंच खाली, तिथे ताकद ८५० फूट-पाउंड
२५० ग्रेन + ब्लॅकहॉर्न: १०० वर २.७ इंच वर, २०० वर ६.७ इंच खाली, ९९० फूट-पाउंड
३०० ग्रेन + ब्लॅकहॉर्न: १०० वर ३ इंच वर, २०० वर ७.४ इंच खाली, ११४० फूट-पाउंड

आता हे आकडे नीट बघा, कारण मी स्वतः दोन वर्षं यावर नुसता वाद घातलाय. २५० आणि ३०० मध्ये दोनशे यार्डांवर फरक किती, पाऊण इंचसुद्धा नाही! लोक "हलकी गोळी सपाट जाते" म्हणून २५० घेतात, आणि जाते की सपाट, पण हरणाच्या छातीचा जो भाग आपल्याला हवा तो आठ इंची कागदी प्लेटएवढा असतो, त्यात पाऊण इंच कोण मोजतंय. उलट जड गोळी वेग कमी घालवते, सुटताना वेगात सेकंदाला १५० फुटांनी मागे असलेली ती २५० यार्डांवर हलक्या गोळीच्या वेगाच्या अगदी जवळ येते, आणि दोनशेवर दीडशे फूट-पाउंड जास्त घेऊन पोचते. हरणासाठी १००० फूट-पाउंड हा इथला जुना ठोकताळा आहे, कायदा नाही, पण त्या हिशोबाने बघितलं तर दोन वड्यांचा लोड १५० यार्डांनाच संपतो, ब्लॅकहॉर्नवरची २५० दोनशेला काठावर, ३०० अजून शिल्लक ठेवून.

मग ३०० च घ्या असं सरळ सांगून मोकळा झालो असतो, पण खांदा पण आहे. सात पाउंडांच्या बंदुकीतून ३०० ग्रेनचा बार झाला की बाकावर बसून तिसऱ्या-चौथ्या बारानंतर माणूस डोळे मिटायला लागतो, मी मिटतो, खोटं कशाला बोलू. चाप ओढायच्या आधी खांदा आखडला की गोळी कुठे जाईल ते कागदावर दिसतंच. ज्याला हा त्रास आहे त्याने २५० घ्यावी आणि लांबचा हट्ट सोडावा.

तिसऱ्या वडीचं आता. जाहिरातीत मॅग्नम म्हणून ५० च्या तीन वड्या, १५० ग्रेन, असं ठोकून सांगतात आणि आमच्या इथल्या एका दुकानदाराने मलाही पहिल्या वर्षी तेच गळ्यात मारलं होतं. वेग वाढतो, नाही असं नाही, पण माझ्या नळीत दोन वड्यांना शंभर यार्डांवर दीड-दोन इंचांत बसणाऱ्या गोळ्या तीन वड्यांना पाच इंचांत पसरल्या. धूर दुप्पट, झटका दुप्पट वाटतो, आणि मिळालं काय, तर ब्लॅकहॉर्नच्या मापट्यात मिळतं तेच. शिवाय बंदूक बनवणारा एक मर्यादा सांगतो, दारू बनवणारा वेगळी, दोन्ही वाचायच्या आणि जी कमी ती धरायची. माझ्या लेखी तिसऱ्या वडीचा विषय इथे संपला.

वड्यांच्या बाजूने एक खरं आहे, सोय. थंडीत बोटं बधिर झालेली असताना दोन वड्या टाकल्या, गोळी ठासली, प्राइमर बसवला, झालं, सुटी दारू असेल तर घरूनच नळकांड्यांत मोजून आणावी लागते. पण ट्रिपल सेव्हनचं एक दुखणं आहे, बार झाला की नळीत खालच्या बाजूला कडक कडं बसतं, दुसरी गोळी ठासताना गज तिथे अडकतो, म्हणून प्रत्येक बारानंतर ओली चिंधी फिरवा, कोरडी फिरवा. आणि त्याच दिवशी घरी येऊन पाण्याने धुणं, नाहीतर गंज. पायरोडेक्स ही दारू तर गंधकवाली, सडक्या अंड्याचा वास आणि तेच धुणं. ब्लॅकहॉर्नला कडं बसत नाही, लागोपाठ मारता येतं, साध्या गन सॉल्व्हंटने साफ होते. महाग आहे, पण १० औंसाच्या डब्यात शंभरच्या मापाने साठेक बार होतात, हंगामाला तीन बार मारणाऱ्या माणसाला किती पुरेल बघा. पेटायला मात्र हट्टी, पूर्ण ताकदीचा २०९ प्राइमर हवा आणि तुमचा ब्रीच प्लग (नळीच्या मागच्या टोकाचं बूच) तिला चालतो का ते आधी बघा, प्लगच्या भोकात काजळी बसते ती मी छोटा ड्रिल बिट हातानेच फिरवून खरवडतो, मशीन लावायचं नाही.

सॅबोबद्दल पण सांगतो, कारण अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात. उन्हाळ्यात रेंजवर भराभर बार केले की नळी तापते, प्लॅस्टिक मऊ होतं आणि गोळ्या भरकटतात, मग माणूस दुर्बिणीला शिव्या देतो. पाच-दहा मिनिटं थांबा. शिकारीत तर पहिला बार थंड नळीतूनच होणार आहे, म्हणून मी झीरो तपासतो तेव्हा एक बार, मग चहा, मग दुसरा. ठासताना गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, गजावर मार्करने रेघ मारून ठेवा, रेघ नळीच्या तोंडाशी आली नाही तर गोळी वर अडकलीय आणि तसा बार करायचा नाही.

पण लोडवरून एवढं सगळं झाल्यावर, माझा फसलेला बार लोडमुळे फसलाच नाही. दोन वर्षांपूर्वी, सोयाबीन कापलेलं शेत, वर चार बोटं बर्फ, पावणेपाचची वेळ, पलीकडच्या झाडीतून मादी बाहेर आली आणि आडवी उभी राहिली. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) खिशात होता, हातमोजा काढायचा कंटाळा. म्हटलं पावणेदोनशे असेल, तेवढ्यात माझी २५० ची गोळी तीन इंचसुद्धा पडत नाही, सरळ छातीच्या मध्यावर धरलं आणि ओढला चाप. धूर हटेपर्यंत ती गेलेली. जाऊन बघतो तर बर्फावर पांढरे केस, पोटाखालचे, मूठभरसुद्धा नाहीत, रक्ताचा थेंब नाही. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत माग काढला, कुठेच काही नाही, गोळी नुसती पोटाखालून केस भादरून गेली होती. मग उभा होतो तिथून मोजलं, २१२ यार्ड. त्या अंतरावर माझी गोळी नऊ इंच पडते. दोनशेच्या पुढे पंचवीस यार्डांची चूक म्हणजे पाच इंच, २५० असो की ३००.

वाऱ्याचं तर त्याहून वाईट. ताशी १० मैलांचा आडवा वारा, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलतात एवढाच, दोनशे यार्डांवर २५० ला साडेअकरा इंच बाजूला नेतो आणि ३०० ला साडेदहा. ड्रॉप, म्हणजे गोळीचं खाली पडणं, तरी ठरलेला असतो, वारा शेताच्या मध्यावर वेगळा आणि झाडीशी वेगळा. म्हणून वारा असेल तर माझी हद्द दीडशेच.

कोणाला काय, ते सांगतो. आग्नेय ओहायोच्या टेकड्यांत, झाडीत बसणार असाल तर शंभराच्या पुढे दिसतच नाही, दोन वड्या आणि २५० भरा, झीरो १०० वर ठेवा, उरलेल्या पैशात चांगले बूट घ्या. कापलेल्या मक्याच्या, सोयाबीनच्या शेताच्या कडेला बसणार आणि खांदा चालतोय तर ब्लॅकहॉर्न आणि ३००, झीरो १५० वर. २५० ला ब्लॅकहॉर्नवर १७५ यार्डांपर्यंत तीन इंचांच्या आतच वरखाली होते, त्यामुळे मधल्या माणसाला, ज्याला डोकं लावायचंच नाही, त्यालाही वाईट नाही. कोलोराडोला मझललोडरच्या हंगामात जाणार असाल तर मात्र यातलं काहीच चालणार नाही, तिथे दुर्बीण बंद, सॅबो बंद, वड्या बंद, सुटी दारू आणि नळीत तशीच बसणारी जड गोळी आणि उघडी माशी (नळीवरचा साधा नेम), तिथे दोनशेचा विचारच करू नका. पेन्सिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरचा हंगाम चकमकीच्या बंदुकीचा, तो वेगळाच खेळ.

मी स्वतः यंदा ३०० वर आलोय. ब्लॅकहॉर्न मापाने १००, एकदा नव्वदला उतरवून बघणार आहे, गोळ्या कागदावर जास्त जवळजवळ लागल्या तर तेच ठेवीन. आणि रेंजफाइंडर दोरीने गळ्यात अडकवलाय, हातमोजा न काढता दाबता येईल असा मोठ्या बटणाचा.