थंडीत कोंबड्यांसाठी काय बरं: बंद खुराडं आणि बल्ब, की जाळी आणि तूस?

विदर्भात बर्फ पडत नाही, पण उत्तरेचं वारं सुटलं की पारा किती उतरेल याचा नेम नसतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात तो ३.५ अंशांवर आला होता. अशा थंडीत सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, दहा-वीस कोंबड्या असलेल्या माणसाला पहिलं हेच सुचतं की खुराडं चहूकडून बंद करावं आणि आत बल्ब सोडावा. दुसरी रीत म्हणजे दर्शनी बाजूला जाळी, वाऱ्याच्या बाजूला बारदाना आणि खाली तुसाची जाड गादी. मोठ्या कोंबड्यांसाठी मी दुसरीच निवडीन. पिल्लांचा हिशेब वेगळा, तो पुढे येतो.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुगवून ती त्यात हवा धरून ठेवते आणि शेजारणीला खेटून बसते. पिसं भरलेली गावरान कोंबडी आठ-नऊ अंशांत बिनघोर रात्र काढते. अट एवढीच की अंग कोरडं हवं आणि वारं थेट लागू नये. बर्फाच्या मुलुखातले जाणते कोंबडीवालेसुद्धा छपराखालचे झरोके हिवाळ्यात बुजवत नाहीत. त्यांची भीती थंडीपेक्षा ओलीची जास्त.

ही ओल कुठून येते ते पाहायचं असेल तर बंद पत्र्याच्या खुराड्यात भल्या पहाटे हात घालून पत्र्याला आतून बोटं लावा. बोटं ओली होतात. रात्रभराचा श्वास आणि विष्ठेतला ओलावा वर चढतो, गार पत्र्याला लागून पाणी होतो आणि थेंब थेंब पाठीवर पडतो. मग खाली वाका, नाक कोंबडीच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे. आपण उभे असतो म्हणून आपल्याला तो जाणवत नाही, कोंबडी मात्र रात्रभर त्यातच बसलेली असते. आठ-पंधरा दिवसांत शिंका, डोळ्यांत पाणी, घरघर सुरू होते आणि आपण म्हणतो, थंडी बाधली!

बल्बचा खर्चही मांडून पाहा. शंभर वॉटचा साधा बल्ब बारा तास जळला की सव्वा युनिटच्या आत-बाहेर, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. त्यात ऐन पहाटे लाइन गेली की उबेची सवय लागलेल्या कोंबड्या एकदम गारठतात. एलईडी लावून ऊब मिळेल असं समजू नका, तो नुसता उजेड देतो. उजेडाचा फायदा आहे, पण तो अंड्यांसाठी. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्याही आत येतो आणि अंडी नीट चालू राहायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. वनराजा, गिरिराजा अशा सुधारित जाती असतील तर पहाटे दोन-तीन तास छोटा एलईडी लावणं परवडतं. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात बसायच्या दांडीखालीच राहतात. गावरान असतील तर मी ही उठाठेव करणार नाही.

आणि शेगडी? बंद खुराड्यात कधीच नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, आणि तुसात एक ठिणगी पुरते.

आता गादी. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलमुळे धानाचं तूस सहज मिळतं, तिथे दुसरं काही शोधूच नका. तूस हलकं, कोरडं आणि उलथायला सोपं. वऱ्हाडात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) हाताशी असतं, पण ते ओल धरतं आणि बुरशी लवकर येते. तुरीचं कुटार तर जनावरांच्या तोंडचं, ते खाली पसरायला कोणाचं मन होईल? त्यापेक्षा सुताराकडचा रंध्याचा भुसा आणा. तीन-चार इंच थर द्या आणि दर दोन-तीन दिवसांनी उलथा. मूठभर उचलून दाबून पाहा: मोकळा सुटला तर ठीक, लाडू वळला तर तो भाग काढून नवीन टाका.

पडद्यासाठी बारदाना की ताडपत्री, हा प्रश्न नेहमी निघतो. रोजच्या रात्रीला बारदाना, कारण त्यातून थोडी हवा खेळते. वरती वीतभर जागा उघडी ठेवा आणि ऊन चढलं की गुंडाळून टाका. ताडपत्री मात्र घडी करून जवळ असू द्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना कारण सांगायला नको.

दांडी बांबूची चालेल. बर्फाच्या देशात बोटं गारठून कुजू नयेत म्हणून चपटी लाकडी पट्टी वापरतात, म्हणजे पायाची बोटं पिसांखाली झाकली जातात. आपल्याकडे तेवढी वेळ येत नाही. संध्याकाळी मात्र मूठभर ज्वारी किंवा मक्याचा भरडा जास्त टाका, रात्रभर पचनाची ऊब मिळते. सकाळचं पाणी कोमट द्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली असेल तर ती आधी, पडदा-गादी त्यानंतर.

पिल्लांना पिसंच नसतात, म्हणून त्यांना ऊब बाहेरून द्यावी लागते: पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दहा-बारा पिल्लं असतील तर खुडूक (उबवायला बसलेली) कोंबडीच बरी. तिला वीज लागत नाही. पन्नास आणायची असतील तर बल्ब हवाच, पिल्लामागे दोन वॉट धरून, आणि लाइन जाते त्या रात्रीची सोय आधी करून. थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतःच सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकत असतील तर जास्त आहे, सगळीकडे पांगून दाणे टिपत असतील तर बरोबर.

घाई नसेल तर अंडी संक्रांतीनंतर बसवा. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात तेव्हा थंडीचा जोर ओसरलेला असतो आणि बल्बचे दिवसही कमी लागतात.