जुनी मियाटा: क्लब घ्यावी का ग्रँड टूरिंग?

परवा ऑफिसातल्या एका मुलाने विचारलं की जुनी मियाटा, म्हणजे माझदाची ती दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी बघतोय, क्लब सोडून ग्रँड टूरिंग ट्रिमसाठी (ट्रिम म्हणजे त्याच गाडीचा कमीजास्त सोयींचा प्रकार) वरचे पैसे मोजावेत का, आणि मी तिथेच उभ्या उभ्या इतका वेळ बोललो की हातातली कॉफी गार झाली आणि शेवटी तोच म्हणाला मला मीटिंग आहे. म्हटलं लिहूनच टाकू एकदा. बोलतोय ते अमेरिकेत मिळणाऱ्या एनडी पिढीबद्दल, म्हणजे २०१६ पासूनची, आणि त्यातही पहिली तीन वर्षं, १५५ हॉर्सपॉवरवाली, कारण माझ्यासारख्याच्या बजेटात सेकंडहँडमध्ये बसते ती हीच. आरएफचं, म्हणजे कडक छपरावालीचं, गणित वेगळं आहे, तिला यात ओढत नाही. आणि ऑटोमॅटिक घेणार असाल तर तुमचा प्रश्न आधीच सुटलाय, क्लबची खरी करामत फक्त मॅन्युअलमध्ये येते.

गोंधळ होतो तो एवढ्यासाठी की या गाडीत वरची ट्रिम म्हणजे जास्त पळणारी ट्रिम असं नाहीये. २०१६ ला नवीन घेताना स्पोर्ट २४,९१५ डॉलर, क्लब २८,६०० आणि ग्रँड टूरिंग ३०,०६५, वर डिलिव्हरीचे वेगळे. म्हणजे किमतीत सगळ्यात वर ग्रँड टूरिंग, म्हणजेच जीटी, पण बिल्स्टीन कंपनीचे कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एलएसडी (एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरन्शियल) आणि बॉडी ताठ ठेवणारा बॉनेटखालचा तो आडवा दांडा हे सगळं मधल्या क्लबला. जीटीत पैसे जातात ते लेदर, गरम होणाऱ्या सीट, वळणाबरोबर वळणारे हेडलाइट, पाऊस ओळखणारे वायपर, आपोआप चालणारा एसी असल्या गोष्टींत. इंजिन तिन्हीत तेच. सेकंडहँडमध्ये तर हा दीड हजाराचा फरक विरघळूनच जातो, मी बघत होतो तेव्हा साधारण सारख्या मैलांची एक क्लब आणि एक जीटी समोर होती आणि त्यात क्लबच सहाशे डॉलरने महाग होती, कारण लोकांना क्लबच हवी असते. ज्याला विचाराल तो सांगतो क्लब घे. मीही क्लबच घ्यायला निघालो होतो.

माझ्या एका मित्राकडे २०१६ ची क्लब आहे. तो तीन आठवडे पुण्याला गेला तेव्हा त्यातला एक आठवडा गाडी माझ्याकडे ठेवून गेला, म्हणाला पडून राहण्यापेक्षा चालव, तुला घ्यायचीच आहे ना. त्यामुळे पुढचं सगळं मत हे एका आठवड्याच्या क्लबवर आणि नंतर स्वतःच्या जीटीवर आधारलेलं आहे, स्टॉपवॉच वगैरे माझ्याकडे नाही, हे धरून चाला.

आधी क्लबची बाजू, कारण ती खरंच भारी गाडी आहे. इथे न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्यांना रूट १ वरचे जगहँडल माहिती आहेत, डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे बाहेर पडून कपाच्या कानासारखा वळसा मारायचा. पावसात अशा वळशातून बाहेर पडताना सेकंड गिअरमध्ये जरा लवकर पाय दिला की माझ्या जीटीचं आतलं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरायला बघतं, डॅशवर पिवळा दिवा लुकलुकतो, इंजिन क्षणभर श्वास रोखतं आणि मग पुढे जातं. क्लबमध्ये तेच वळण, तोच पाऊस, आणि काहीच नाही. मागून कोणीतरी हात लावून ढकलल्यासारखी ती सरळ बाहेर पडते. एलएसडी म्हणजे काय हे मला आधी वाचून माहिती होतं, त्या दिवशी कमरेला कळलं. शिवाय जीटी वळणात जरा जास्त झुकते, क्लब कमी, हे कुणालाही पहिल्या दहा मिनिटात जाणवेल.

बिल्स्टीनची दुसरी बाजू म्हणजे मार्च महिना. थंडीत रस्त्यात पाणी मुरतं, गोठतं, वितळतं, परत गोठतं, आणि मार्चमध्ये न्यू जर्सीचे रस्ते बघून घरची आठवण येते. क्लबमध्ये प्रत्येक खड्डा मणक्यात मोजला जातो. जीटी सांगते की खड्डा होता, क्लब त्याची खोलीही सांगते. पण खरं सांगू का, हे मी सहन केलं असतं. चाळीस ओलांडली तरी अजून कंबर धड आहे, आणि असली गाडी घेताना झोपाळ्याचं सुख कोण मागतं.

क्लब घ्यायची राहिली ती फोनमुळे.

माझं ऑफिस पार्सिपनीच्या बाजूला, म्हणजे रोज २८७ हायवे, पाऊण तास, ट्रॅफिक लागलं तर सव्वा तास. सकाळी पावणेआठला मी गाडीत बसतो तेव्हा उन्हाळ्यात साताऱ्याला सव्वापाच झालेले असतात, हिवाळ्यात सव्वासहा. आईचा चहा झालेला असतो आणि दिवे लागायचे असतात किंवा नुकतेच लागलेले असतात, तिला वेळ असतो, मला वेळ असतो, आणि गेली कित्येक वर्षं आमचं बोलणं म्हणजे हाच फोन. संध्याकाळी मी मोकळा होतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. तर क्लबमधला पहिलाच दिवस, छप्पर लावलेलं, २८७ ला लागलो, पासष्ट मैलांच्या पुढे गेलो, शेजारून एक अठरा चाकी ट्रक, त्याची चाकं बरोबर माझ्या कानाच्या उंचीला, आणि ब्लूटूथवर आई. म्हणाली, अरे तू पिठाच्या गिरणीत उभा आहेस का?

म्हटलं नाही गं, गाडीत आहे. ती म्हणाली काय? म्हटलं गाडीत. ती म्हणाली साडी? असं चार मिनिटं चाललं. मग तिने तिचा तो ठेवणीतला शब्द काढला, राहू दे, पोचल्यावर कर. पोचल्यावर माझी स्टँडअप मीटिंग असते. दुसऱ्या दिवशी मी आवाज चढवून बोललो, तर तिला वाटलं मी चिडलोय. तिसऱ्या दिवशी तिने उचललाच नाही, नंतर मेसेज, तू ड्रायव्हिंग करतोयस ना, नको बोलूस. गुरुवारी मी स्वतःच केला नाही. आठवड्यात पाच फोनांचे दोन झाले आणि त्या दोनातही तिच्या गुडघ्याचं काय झालं ते मला कळलंच नाही, बहिणीकडून कळलं की डॉक्टरने इंजेक्शन सांगितलंय.

यात गाडीचा दोष नाही हे मला मान्य आहे. कापडी छप्पर म्हटल्यावर आवाज येणारच, ज्याला शांतता हवी त्याने सेडान घ्यावी. मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला मग छप्पर काढून चालव, कशाला फोन करतोस. त्याचे आईवडील त्याच्याजवळच राहतात, त्याला काय.

पण मग मी जीटी बघायला गेलो, आणि तिच्यात बसून वर पाहिलं. क्लबमध्ये वर पाहिलं की छपराचे दांडे दिसतात, कापड दिसतं, तंबूत बसल्यासारखं वाटतं. जीटीत मध्ये एक जाड अस्तर आहे, दांडे झाकलेले, बोटाने दाबलं की जरा आत जातं. ब्रोशरमध्ये याला अर्धी ओळ असेल नसेल, आणि विकणारेही त्यावर बोलत नाहीत, ते लेदर दाखवत बसतात. शनिवारची सकाळ होती, साडेदहा वाजलेले, तिकडे रात्रीचे आठ. सेल्समन शेजारी बसलेला, मी हायवेला गाडी घातली, पासष्टवर नेली आणि आईला फोन लावला. मागे सिरियलचा आवाज येत होता. म्हणाली, आज शनिवारी कसा काय? म्हटलं आवाज येतोय का? म्हणाली, येतोय की, ओरडतोस कशाला.

तिथेच ठरलं माझं. तिला सांगितलं की नवीन गाडी घेतोय, जुनीच पण मला नवीन, माझदा आहे. तर ती म्हणाली, माझदा म्हणजे ती स्वराज माझदा का, शाळेच्या मुलांना नेते ती? तिच्या दृष्टीने मी अमेरिकेत जाऊन दोन सीटची शाळेची बस घेतली आहे.

आता हे किती डेसिबलने कमी झालं वगैरे विचारू नका, माझ्याकडे आई हेच मीटर आहे. आणि जीटी काही लेक्सस होत नाही, ट्रक शेजारी आला की मी अजूनही बोलणं थांबवतो आणि तो गेला की पुढे बोलतो, पण वाक्य अर्धं राहत नाही एवढं नक्की. एक शंका प्रामाणिकपणे मांडतो, मित्राच्या गाडीचे टायर झिजलेले होते आणि माझ्या गाडीचे जवळजवळ नवे, टायरच्या आवाजाचाही यात थोडा हात असू शकेल. तरी सगळा नसावा.

लोक म्हणतात अस्तर बाहेरून घेऊन लावता येतं. येतं, पण मी अशा कामात दोन्ही हातांनी डावरा आहे, आणि उलट बाजूने विचार करा ना. क्लबमधलं बरंचसं जीटीत नंतर घालता येतं. शॉक कधी ना कधी बदलायचेच असतात, तेव्हा बिल्स्टीन टाका. तो आडवा दांडा तर चार नटबोल्टांचं काम. एलएसडी जरा खर्चिक, डिफरन्शियलच बदलावं लागतं, पण लोक अपघातात गेलेल्या क्लबचं काढून बसवतात. जीटीचे ते वळणारे हेडलाइट, एसीचं सगळं वायरिंग हे क्लबमध्ये घालणारा मला अजून भेटायचाय.

बाकी जीटीच्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. गरम सीट ऑक्टोबरात छप्पर उघडं ठेवून फिरताना स्वर्ग आहे, आणि तेच लेदर जुलैत दुपारी पार्किंगमधून आल्यावर चटका देतं, मी मागे एक जुना पंचा ठेवलाय. नॅव्हिगेशन कोणी वापरत नाही. आपोआप चालणारे वायपर बरे आहेत, त्यासाठी कोणी गाडी घेऊ नये.

क्लब कोणी घ्यावी? जो वर्षातून दोनचारदा ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत शंकू मांडून घड्याळाशी लावलेली शर्यत) जाणार आहे त्याने, डोळे मिटून. जिच्या घरात रोजची गाडी वेगळी आहे आणि मियाटा फक्त रविवारी निघणार आहे तिनेही. फक्त क्लबमध्ये ब्रेम्बोचे ब्रेक आणि बीबीएसची चाकं असं पॅकेज असेल तर एक लक्षात घ्या, त्या पुढच्या ब्रेकवर स्पोर्टची १६ इंची चाकं बसत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यासाठी स्वस्तात १६ चा सेट घ्यायचा बेत असेल तर तो बारगळतो. आणि हिवाळ्याचा सेट लागतोच, क्लब आणि जीटी दोन्हीवर मूळचे टायर उन्हाळी येतात, पहिल्या बर्फाला मी आमच्याच ड्राइव्हवेत आडवा झालो होतो. स्पोर्टबद्दल एवढंच की ती सगळ्यात हलकी, तिच्यात १६ इंची चाकांमुळे खड्डे कमी लागतात आणि खिशालाही कमी लागते, पण छपराच्या बाबतीत ती क्लबचीच बहीण.

कुठलीही बघा, सीटच्या मागच्या कार्पेटवर हात दाबून बघा. छपराचं पाणी वाहून जायच्या नळ्या पानांनी तुंबल्या की ओल तिथे येते, आणि जिथे झाडाखाली गाडी उभी राहिली तिथे हे होतंच. गिअरबॉक्सचं काही काम झालंय का ते कागदावर बघा, सुरुवातीच्या वर्षांत सेकंड गिअरच्या तक्रारी बऱ्याच लोकांच्या होत्या. उंच असाल तर अर्धा तास चालवून बघा, स्टिअरिंग वरखाली होतं पण पुढेमागे होत नाही, ते २०१९ पासून आलं.

आणि २०१९ वरून आठवलं, त्या वर्षी इंजिन १८१ हॉर्सपॉवरचं झालं आणि मॅन्युअल जीटीवर जीटी-एस नावाचं पॅकेज मिळायला लागलं, म्हणजे बिल्स्टीनही, एलएसडीही, आणि वर ते अस्तरही. तुमचं बजेट तिथपर्यंत ताणत असेल तर वरचं सगळं सोडून द्या आणि तीच शोधा, घाई करू नका, फार दिसत नाहीत. मीही अधूनमधून बघतो, बायको खोलीत नसताना.