मुठीतला चार आकडी काउंटर : शिकारी पक्ष्यांच्या मोजणीचे तीन हंगाम

शरदात स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायला जायचंय, आधी काय घेऊ, असं कुणी विचारलं की मी दुर्बिणीचं नाव घेत नाही. दुर्बीण बहुतेकांकडे असतेच. मी सांगते, मुठीत मावणारा हाताने दाबायचा काउंटर घ्या. पोलादी डबी, वर अंगठ्याने दाबायची पट्टी, समोर आकड्यांच्या चार खिडक्या, बाजूला सगळं शून्यावर आणणारी चकती आणि मागे बोट अडकवायला कडी. बॅटरी नाही, बटणं नाहीत. मी माझा काउंटर तीन हंगाम वापरलाय, मोजणीच्या दिवशी सहा-सात तास सलग, म्हणून त्याचं बरंवाईट दोन्ही सांगू शकते.

त्याआधी काम काय असतं ते सांगायला हवं. उत्तरेकडचे बझर्ड, घारी, गरुड सप्टेंबर ते नोव्हेंबर दक्षिणेकडे सरकत असतात. एवढा पल्ला पंख मारत गाठणं त्यांना परवडत नाही. जमीन तापून हवा वर चढू लागली की ते त्या थर्मलमध्ये शिरतात, घिरट्या घेत उंच जातात आणि वरून पंख आवळून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जातात. समुद्रावर हा आधार सहसा मिळत नाही, त्यामुळे पाणी टाळत ते जमिनीच्या चिंचोळ्या वाटांवर एकवटतात. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझमध्ये एका हंगामात 40 लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले जातात, जॉर्जिया देशातल्या बटुमीत 10 लाखांहून जास्त. आमच्या कड्यावर त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतके कमी येतात. पण थवा आला की मोजणाऱ्याची तारांबळ तीच.

घिरट्या घेणारा थवा मोजायचाच नाही, ही पहिली शिकवण. पक्षी एकमेकांच्या वरून-खालून फिरत असतात, एकच पक्षी तीनदा मोजला जातो. थांबायचं. थव्याच्या माथ्यावरून एक जण सुटतो, मग त्याच्या मागे दुसरा, आणि बघता बघता त्या भोवऱ्यातून एक लांब ओळ निघते. आता ढगाची एखादी कड धरायची आणि तिला ओलांडणाऱ्या प्रत्येक पक्ष्यागणिक पट्टी दाबायची. टक्, टक्, मधे जरा रिकामं, मग टक्-टक्-टक्. डोळा दुर्बिणीत, अंगठा पट्टीवर. चांगल्या दिवशी मला अंगठा दाबल्याचंही कळत नाही, फक्त पक्षी दिसत राहतात. निरभ्र निळ्या आभाळात मात्र धरायला कडच नसते आणि उंचावरचे ठिपके हरवतात. म्हणून मोजणारे थोडे ढग यावेत अशी वाट बघतात.

इथेच हे साधं यंत्र कामी येतं. मी आधी फोनवर मोजायचे. दरवेळी खाली बघावं लागायचं, उन्हात स्क्रीन दिसायचा नाही, हातमोज्यांतून बोट लागायचं नाही, आणि परत वर बघेपर्यंत ओळ सरकलेली असायची. बॅटरीवरचा काउंटरही वापरून पाहिला. त्याचं बटण इतकं उथळ होतं की दाबलं गेलं की नाही हे बघायला नजर खाली न्यावीच लागायची. यांत्रिक काउंटरची पट्टी तळाला टेकली की बोटाला कळतं. अर्धवट दाबली तर आकडा सरकत नाही, पण तेही बोटालाच कळतं.

विकत घेताना एक परीक्षा जरूर करा. शून्यावरून सुरुवात करून सावकाश शंभर वेळा दाबा, मग शंभर वेळा भराभर. 200 दिसलंच पाहिजे. 99 वरून 100 ला जाताना तीन चाकं एकदम फिरतात, तिथे पट्टी जराशी जड लागते. जड लागणं ठीक, अडकणं नाही. मी पाहिलेल्या एकात तिथे आकडा दोन खिडक्यांच्या मधेच लटकून राहायचा. तो परत केला.

आता मोठा दोष. शून्यावर आणणारी ती चकती उघडी असते. पहिल्याच हंगामात दुपारी पाणी प्यायला म्हणून काउंटर जॅकेटच्या खिशात टाकला आणि बाहेर काढला तेव्हा समोर चार शून्यं. चाळीस मिनिटांचे पक्षी गेले. आठवून काहीतरी आकडा लिहावा असं क्षणभर वाटलं. लिहिला नाही. तक्त्यात त्या तासापुढे 'अपूर्ण' असं लिहिलं, आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

त्या तासाचं इतकं वाईट का वाटलं, त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाच्या डोंगरावर लोक मजेखातर बंदुकांनी शिकारी पक्षी पाडायचे. पक्षीसंरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी 1934 मध्ये ती जागा ताब्यात घेतली, राखणीला मॉरिस ब्राउन यांना नेमलं, आणि त्यांनी त्याच शरदात रोजची मोजणी सुरू केली. पुढे तिथल्याच नोंदींतून दिसलं की बाल्ड ईगल या अमेरिकी गरुडाचे कोवळे पक्षी कमी कमी होत चालले आहेत. लेखिका रेचल कार्सन यांनी 1962 मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिताना ते आकडे मांडले आणि 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली. ब्राउन कड्यावर बसून मोजत होते तेव्हा हे आकडे कशाला उपयोगी पडतील हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आपण आज लिहितो तो आकडाही तसाच कुणाच्या तरी हाती जाणार. त्यात अंदाज मिसळून चालत नाही.

उपाय सोपा निघाला. चकतीवर कापडी चिकटपट्टीचा एक वेढा, आणि काउंटर खिशात न ठेवता दोरीने गळ्यात.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. पहाटेच्या गारठ्यात स्प्रिंग मंद होते, मुठीत थोडा वेळ धरली की सुधारते. खिडकीवरच्या काचेत धुक्याच्या दिवशी वाफ धरते. कडीला दुसऱ्या वर्षी गंज आला.

दोन जाती एकत्र वाहत असतील तर दोन काउंटर हवेत. मधुबाज डावीकडे, घारी उजवीकडे असं एकदा ठरलं की हंगामभर बदलायचं नाही, कारण अंगठ्यांना सवय लागलेली असते. ओळ फारच दाट झाली तर दहा पक्ष्यांना एकदा दाबते, पण ते त्याच क्षणी शेजारी वही घेऊन बसलेल्याला मोठ्याने सांगते. नंतर सांगू म्हटलं की घोटाळा झालाच.

एका हातात काउंटर म्हणजे दुर्बीण दुसऱ्या एकाच हाताने धरायची, हेही आधीच लक्षात घ्या. 10×42, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण घेऊन मी एक हंगाम काढला. पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी होते आणि दिसणारं आभाळ आक्रसतं. 8×42 मध्ये एक किलोमीटरवर साधारण 140 मीटरचा पट्टा दिसतो, ओळीची दोन्ही टोकं नजरेत राहतात. पंखांवरच्या खुणा बघून जात ठरवायला जास्त ताकद हवीच असेल तर तिपाईवरचा स्कोप शेजाऱ्याकडे द्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या उघड्या चकतीसाठी कापला. चिकटपट्टी सोडवायची ती फक्त तास भरल्यावर, आकडा, वारा आणि ढग वहीत उतरल्यानंतर.