‘फिरवा’ला इंग्लिशमध्ये काय लिहायचं? रोटेट, रिव्हॉल्व्ह, स्पिन, टर्न की ट्विस्ट

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये कोटेशन, मेल आणि मालाबरोबर जाणारी इन्स्ट्रक्शन शीट ही कामं बघतो. चार वर्षांमागं बाहेरच्या एका पार्टीला ब्राँझचे बुश (शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा ज्याच्यात बसतो ती नळकांडी) पाठवलेले, आणि शीटवर मला एवढंच सांगायचं होतं की बुश बसवताना अडला तर हातानं जरा फिरवून परत बसवा. मी लिहिलं, ‘टर्न द बुश अँड फिट अगेन’. त्यांच्या माणसानं बुश उचलला, लेथला, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनला, लावला आणि बाहेरून कट मारला. 12 बुश भंगारात. त्या माणसाचं काय चुकलं नव्हतं ओ, मशीन शॉपमध्ये टर्न म्हणजे तेच, आपल्या आयटीआयत पोरं टर्नरचा ट्रेड करतात तो ह्याच कामाचा. चूक माझ्या शब्दाची होती आणि ती मला लई लागली, म्हणून हे सविस्तर लिहितोय, विशेषतः जी पोरं नव्यानं मेल लिहायला बसल्यात त्यांच्यासाठी.

गोची अशी होते की आपण सगळ्याला ‘फिरणे’ वापरतो. पंखा फिरतो, चंद्र फिरतो, किल्ली फिरवतो, रंकाळ्यावर फिरायला जातो, डोकं फिरतं, माणूस शब्द फिरवतो. इंग्लिशमध्ये ह्या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो.

आधी रोटेट आणि रिव्हॉल्व्ह, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच. शाळेत भूगोलात परिवलन आणि परिभ्रमण शिकलोय तेच हे. पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती 23 तास 56 मिनिटांत एक फेरा मारते ते परिवलन, म्हणजे रोटेट. सूर्याभोवती साधारण 365.25 दिवसांत फिरते ते परिभ्रमण, म्हणजे रिव्हॉल्व्ह. थोडक्यात, आस वस्तूच्या आतून जात असेल तर रोटेट आणि वस्तू बाहेरच्या कशाच्या तरी भोवती फिरत असेल तर रिव्हॉल्व्ह. पण हा नियम खगोलाच्या पुस्तकात जेवढा कडक आहे तेवढा शॉपमध्ये नाही. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे, त्यातला आर रिव्होल्यूशनचा आहे, आणि शाफ्ट तर जागच्या जागी फिरत असतोय. रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं सिलिंडर पण स्वतःच्याच आसावर फिरतं, हॉटेलातलं रिव्हॉल्व्हिंग डोअर पण तसंच. म्हणून माझं मत असं की मशीनच्या भागाला क्रियापद डोळे झाकून रोटेट घ्या आणि फेरे मोजायचे असतील तेव्हाच रिव्होल्यूशन म्हणा. ‘द शाफ्ट रोटेट्स ॲट 1440 आरपीएम’, ह्यात कोण खोट काढणार नाही.

रोटेटचा अजून एक फायदा म्हणजे पूर्ण फेरा लागत नाही. मोबाईलमधला फोटो 90 डिग्री रोटेट करता येतो, झडपेचं हँडल पाव फेरा रोटेट करता येतं. पाळीपाळीनं होणाऱ्या गोष्टींना पण हाच शब्द, शिफ्ट रोटेट होते, आणि शेतात उसामागं हरभरा घेतला तर ते क्रॉप रोटेशन.

अंबाबाईच्या देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तिथं मात्र रिव्हॉल्व्ह लिहू नका, नियमात बसतंय असं वाटलं तरी. माणूस पायानं चालत भोवती जातो तेव्हा ‘वॉक अराउंड’ किंवा ‘सर्कल’ म्हणतात.

आता स्पिन. मूळ अर्थ सूत कातणे, म्हणून इचलकरंजीकडची सूतगिरणी ती स्पिनिंग मिल आणि सूत ज्याच्यावर गुंडाळतं ते स्पिंडल, आपल्या लेथला पण स्पिंडल म्हणतात. कातताना चाती कशी गरगर फिरते ते डोळ्यासमोर आणा, तोच स्पिनचा स्वभाव: वेग आणि न थांबता फेऱ्यावर फेरे. पोरांचा भोवरा स्पिन होतो, वॉशिंग मशीनचा ड्रम शेवटी पाणी काढायला स्पिन होतो, चक्कर आली की डोकं स्पिन होतं. मराठीत जिथं तोंडात आपोआप ‘गरगर’ येतं तिथं स्पिन बसतो, हा अंदाज मला फार क्वचित चुकलेला आठवतोय. दळणाचं जातं हातानं सावकाश ओढतात, त्याला मी स्पिन म्हणणार नाही, रोटेटच. भूतकाळ लिहिताना ‘स्पिन्ड’ नको, ‘स्पन’ लिहा.

स्पिन आणि टर्नमधला फरक तर क्रिकेट खेळलेल्या कुणालाबी सांगता येईल. फिरकीवाला बोटांनी बॉलला पीळ देतो आणि बॉल हवेत स्वतःभोवती गरगरत येतो, हा झाला स्पिन. मग टप्पा पडतो आणि बॉलची वाट बदलते, आत येतो किंवा बाहेर जातो, तो झाला टर्न. कधी कधी स्पिन भरपूर असतो आणि पिच पाटा असल्यामुळं टर्न काहीच मिळत नाही, म्हणजे दोन गोष्टी वेगळ्याच की नाही.

टर्नचं मन वळण्यात आहे. रस्ता टर्न घेतो, माणूस मागं टर्न होतो, पान टर्न करतात, किल्ली टर्न करतात, नॉब टर्न करतात. घरगुती वापराच्या वस्तूवर लिहायचं असेल तर टर्नच चांगला, रोटेट तिथं जड वाटतो. पण इंजिनिअरिंगच्या गिऱ्हाइकाला लिहिताना दहादा विचार करा, कारण हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आलाय त्याचा अर्थच लेथ. चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरलेला जॉब (कापायचा तुकडा) फिरतोय, टूल सरळ रेषेत पुढं सरकतंय, धातूची निळसर पडलेली चिप वेटोळी घेत खाली ट्रेमध्ये पडतीय, ह्या सगळ्या कामाचं नाव टर्निंग. मिलिंगला ह्याच्या उलट, कटर फिरतो आणि जॉब टेबलाला बांधलेला. तर ‘फिरवा’ आणि ‘टर्निंग करा’ एकाच कागदावर येत असतील तर फिरवायला रोटेट आणि सोबत ‘बाय हँड’, एवढं मी आता न चुकता लिहितो.

ट्विस्ट म्हणजे पीळ. एक टोक धरून ठेवलंय आणि दुसरं फिरवलं, किंवा दोन्ही टोकं उलट्या बाजूंना फिरवली, तर ट्विस्ट. धुणं पिळताना हाताला जे जाणवतं ते. दोरीचे पेड, पिळाचा ड्रिल, मुरगळलेला पाय, सगळं ट्विस्ट. शाफ्ट ट्विस्ट झाला असं मेलमध्ये लिहिलं तर समोरचा समजणार की शाफ्टला पीळ पडून तो वाया गेला, म्हणून नुसता फिरला म्हणायचं असेल तर हा शब्द चुकूनबी नको.

बाकीचे पटकन सांगतो. स्विव्हल म्हणजे बूड जागेवर आणि वरचा भाग हवा तसा वळतो, ऑफिसच्या खुर्चीसारखा. पिव्हट म्हणजे एका खुंटीवर तोलून वळणं. रोल म्हणजे गडगडणं, फिरणं आणि पुढं जाणं एकदम. गुऱ्हाळात ऊस ज्याच्यातून चेपून जातो ते लाट मात्र जागेवरच फिरतात तरी नाव रोलर. व्हर्ल आणि स्वर्ल पाण्याचे, वाऱ्याचे, धुराचे. पंचगंगेला पूर आल्यावर भोवरा दिसतो तो व्हर्लपूल, आणि चहात दूध ओतल्यावर जी पांढरी नक्षी फिरते ती स्वर्ल. ट्वर्ल हलक्या हाताचा आणि ऐटीचा, मर्दानी खेळात पोरगी बोटांत काठी फिरवते त्याला हा शब्द शोभतो.

आणि मोटर जळाली की आपण वाइंडिंगला टाकतो तो शब्द वाइंड, गुंडाळणे. लिहिताना तो वाऱ्याच्या विंडसारखाच दिसतो, फक्त उच्चार वेगळा. भूतकाळ वाउंड, आणि जखमेचा वूंड पण त्याच स्पेलिंगचा. त्यामुळं ‘मोटर वॉज रिवाउंड’ लिहिलं की मी शेजारी कॉपर वायरचा गेज (जाडी) पण टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला लगेच कळतं.