भूतानची ऊर्जा-गुंतवणूक सहल: धरणं दिसतात, हिशेब मागून घ्यावा लागतो

भूतानमध्ये गुंतवणूकदारांना फिरवण्याचा मार्ग साधारण ठरलेला. फुंटशोलिंगवरून चढताना चुखा जलविद्युत प्रकल्प (336 मेगावॉट), मग थिंफू, डोचुला खिंड ओलांडून वांगदी, तिथं पुनात्सांगछूचे दोन प्रकल्प आणि शेवटी ट्रोंग्साचा मांगदेछू (720 मेगावॉट). अभियांत्रिकी बघायची तर मार्ग झकास. पैसे गुंतवायचे असतील तर मात्र अपुरा.

कारण हे सगळे दोन सरकारांमधल्या करारांचे प्रकल्प. चुखाला भारताकडून 60 टक्के अनुदान मिळालं, मांगदेछूला 30 टक्के, उरलेलं कर्ज. असं अनुदान खाजगी भागीदाराला मिळत नाही, त्यामुळे इथला प्रति युनिट खर्च ऐकून हुरळून जाऊ नये. भारतीय खाजगी पैसा खरा कुठे गेला ते बघायचं तर दागाना जिल्ह्यातला दागाछू (126 मेगावॉट) गाठा. त्यात टाटा पॉवरचा 26 टक्के वाटा आहे, मोठा हिस्सा ड्रुक ग्रीन या भूतानच्या सरकारी वीज कंपनीकडे. तो या मार्गात येत नाही, म्हणून पैसे भरण्याआधीच संयोजकाकडून तिथला एक दिवस लिहून घ्या.

हंगामाचंही तसंच. जून ते सप्टेंबर टाळा. तेव्हा नद्या दुथडी वाहतात, सगळी टर्बाइनं फिरतात आणि नियंत्रण कक्षातले आकडे बघून कोणीही भुलेल. इथले बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत निर्मिती क्षमतेच्या छोट्याशा हिश्श्यावर येते आणि पावसाळ्यात वीज विकणारा देश भारताकडून ती विकत घेतो. जायचं ते तेव्हाच. पेले ला खिंडीत बर्फानं रस्ता अडू शकतो, एक दिवस हाताशी ठेवा.

वांगदीला अर्धा दिवस तरी द्या. पुनात्सांगछू-1 (1,200 मेगावॉट) चं काम 2008 च्या सुमारास सुरू झालं. 2013 मध्ये धरणाच्या जागी उजव्या तीरावरचा डोंगर सरकला आणि वेळापत्रक व खर्च दोन्ही हाताबाहेर गेले. खालच्या पुनात्सांगछू-2 ला भूगर्भातल्या कमकुवत खडकानं छळलं. हिमालयात भूगर्भीय जोखीम करारात कोणाच्या माथी टाकली आहे, हा प्रश्न इथं उभं राहूनच विचारावा. त्याच खोऱ्यात 1994 मध्ये हिमतळं फुटून पुनाखाला पूर आला होता. वरच्या तळ्यांसाठी इशारा यंत्रणा काय आहे, तेही विचारा. जवळच्या रुबेसाच्या दोन पवनचक्क्या मिळून 600 किलोवॉट, म्हणजे फोटोपुरत्या.

ट्रोंग्साच्या वाटेवर सेफूचा सौर प्रकल्प लागतो. हिवाळ्यात पाणी कमी असताना आकाश निरभ्र असतं, म्हणून सौर इथं जलविद्युतला खरी जोड ठरते. अडचण जमिनीची. परदेशी माणसाला जमीन विकायला राज्यघटनेची मनाई आहे, तेव्हा सगळी मदार भाडेपट्ट्यावर. शिवाय 60 टक्के भूभाग वनाखाली ठेवणं घटनेनंच बंधनकारक, म्हणजे सपाट मोकळी जागा मुळातच थोडी.

बैठकीत गुळगुळीत सादरीकरण पुरेसं मानू नका. किमान 25 वर्षांचे रोजचे प्रवाहाचे आकडे मागा, महिन्याची सरासरी नको. सरासरीत कोरडे आठवडे लपतात. रनर (टर्बाइनचं पात्यांचं चाक) किती वर्षांनी दुरुस्तीला काढले याची नोंद बघा, गाळातली वाळू पाती झिजवते. मीटर वीजगृहावर आहे की सीमेवर, हे विचारल्याशिवाय दर ऐकूच नका. मधल्या वाहिनीतली गळती कोणाच्या खात्यावर पडते ते त्यावर ठरतं. भूतानचं चलन न्गुल्ट्रम रुपयाशी एकास एक बांधलेलं असल्यानं भारतीयाला विनिमय दराची फारशी धास्ती नाही. भारतात विक्रीसाठी मात्र भारतीय बाजूची मंजुरी लागतेच.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधारवर प्रवेश मिळत नाही. शाश्वत विकास शुल्क भारतीय प्रौढांना रात्रीला 1,200 रुपये, ते सहलीच्या दरात धरलंय का ते बघा. वीजगृहात शिरायची परवानगी आगाऊ आणि लेखी घ्यावी, नाहीतर फाटकाबाहेरूनच चहा पिऊन परत.